सातवी जळू

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी नाहीदनं मडक्यावरचा कपडा सोडला तं साऱ्या जळवा वर येऊन बसल्या होत्या. मडक्याच्या गळ्यापाशी, एकीले एक लागून, ओल्या काळ्या दोरीसारख्या.

पानी येनार असलं की जळवा अशा वर येतात, हे त्या घरात लहान लेकराले बी माहीत. म्हनून नाहीदनं बाहेर पाह्यलं. आभाळ साफ होतं. चांगलं ऊन पडलं होतं. पोट्टे लाकडाचे नंदी दोरीनं वढत, दारोदार बोजाऱ्याचा खाऊ मागत रस्त्यानं चालले होते, चाकं खरखर वाजत होते. पाऊस कुठीच नव्हता. अन् जळवाईचे तोंडं बी बाहेरच्या अंगाले नव्हते. साऱ्याईचे तोंडं आतल्या खोलीकडं होते, जिथी तिचा बाप अयूब निजला होता.

"अब्बा, जळवा वर आल्या," ती म्हने.

"त्याईले बी सन असन आज," अयूब आतून बोलला. "बोजारा मागाले आल्या असतीन."

मजाक केली त्यानं, पन आवाज कोरडा होता. नाहीद चहा घेऊन आत गेली. तो खाटेवर उठून बसला होता, डावा हात उजव्या हातात धरून.

"दुखून राह्यलं का?"

"दुखत नाई. कोनी छातीवर पाटा ठेवला असं वाटून राह्यलं. आज लाव."

तिनं आधी डबीतून गुलाबी गोळी काढली, चहासंगं त्याले देली. एक दिवस बी ती गोळी तिनं चुकवली नव्हती. मंग हात धुतले, वाटीत दूध घेतलं अन् मडक्यापाशी आली.

"तीन ना?"

"सात लाव."

"सात? तुमीच तं म्हनता तीनच्या वर जाचं नाई."

"आजचं वजन तीनचं नाई हाये, बेटा. लाव."

अयूब पोटावर निजला. त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तिनं दुधाचा थेंब लावला अन् एक एक जळू ठेवली. एरवी एकेका जळूले मनवा लागे, आंजारा-गोंजारा लागे. त्या दिवशी एकीले बी सांगा लागलं नाई. कातडीले टेकली की धरली. सात ठेवाले चहा थंड व्हाचा टाइम बी लागला नाई.

आता हा अयूब कोन, ते सांगतलं पायजे.

चंद्रपूर जिल्ह्यात मूल-सावलीकडं, बोड्या म्हनजे बारके तलाव अन् धानाच्या बांध्या असलेल्या त्या मुलखात अयूब जर्राहाले दहा गावं ओळखत. त्याचा बाप बाल कापे, गळवं फोडे, जळवा लावे. अयूबनं कैची ठेवून देली अन् फक्त मडकं धरलं. उंच, सुकलेला मानूस, तोंडात सदा पान. लुंगी वर केली तं दोन्ही पिंडऱ्याईवर तीन तीन पाकळ्याईचे बारके डाग, कोनी फुलाचा ठसा मारावा तसे. ते जळवाईच्या तोंडाचे डाग. कारन असं का धंदा नसला, पेशंट नसला, तं तो चार-सहा महिन्यातून एकदा आपल्याच पायावर जळवा पाजे. तेवढं काम बायकोच्या हातानं करून घे, अन् बायको गेल्यावर लेकीच्या. जर्राहानं आपल्या हातानं आपल्याले जळू लावाची नाई, असा त्याच्या बापाचा कायदा होता.

"दुसऱ्याचं पेतात तं घरचं बी थोडं लागलं पायजे त्याईले," तो म्हने. "ज्याच्या मडक्यात उपाशी मेली, त्याच्या हाताले गुन राह्यत नाई."

शिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेत त्याची जागा ठरलेली. वैनगंगेच्या काठाले, पिंपळाखाली, पोतं हातरून. देवाच्या जत्रेत हा मुसलमान काऊन बसते, असं कोनी कधी इचारलं नाई. गुडघे तं साऱ्याईचेच सुजतात.

जळवा आनून दे ते बुधरी. बोडीच्या पल्याडच्या टोल्यावरची गोंडीन. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बोडीत उतरे अन् उगीमुगी उभी राहे. घडीभरात पायाले जळवा लागत. त्या तशाच घेऊन ती अयूबच्या दारात ये.

"अयूबभाऊ, तू माह्या रक्तावर जगून राह्यला, माहीत हाये ना?"

"अवं बुधरीबाई, तुह्या रक्तात मोहफुलाची दारू. तू आनलेल्या जळवा दोन दोन दिवस डुलतात. पेशंटले लावली तं तो घरी जाताना दुसऱ्याच्याच घरात शिरते."

"शिरू दे. त्याच्या बायकोले तं बरं वाटन."

नाहीद लग्न होऊन वरोऱ्याले गेली होती. तिचा नवरा जाहिद पिंजारी, गाद्या भरनारा. माय वारली तसे दोघं बी इकडं येऊन राह्यले. जाहिदले जळवाईची किळस. मडकं ज्या कोपऱ्यात असे तिकडं तो पाय करून निजत नसे. पन सासऱ्यावर जीव होता त्याचा.

नव्यान्नवच्या सुमाराले नागपूरच्या एका कॉलेजातला प्रफुल्ल सर आला. पातळसा, चष्म्यावाला, संगं बाटल्याईचा डबा. त्याले जळवा पायजे होत्या. लावाले नाई, पाहाले.

"चाचा, जळू सुटल्यावरही रक्त चार-पाच तास का वाहतं, सांगा बरं?"

"थुकीत जादू असते तिच्या."

"जादू नाही, माळ असते," सर हसला. मंग ओट्यावर बसून त्यानं सांगतलं. प्रोटीनचे बारके बारके मनी एका धाग्यात ओवल्यासारखे असतात, त्या बारक्या माळेले पेप्टाइड म्हनतात. जळूच्या थुकीतली माळ जाऊन रक्त गोठवनाऱ्या गोष्टीच्या गळ्यात पडते अन् तिचं तोंडच बंद करते. मंग रक्ताची गाठ होत नाई. "हार्टच्या नळीत अशी गाठ अडकली की माणूस जातो. विलायतेत त्या माळेवरून औषध बनवलं आहे, दवाखान्यात सुईतून देतात. तिथल्या जळूच्या माळेत पासष्ट मणी मोजले आहेत. आपल्या बोडीतल्या जळूची माळ कशी आहे, ते मला पाहायचं आहे. पण चाचा, हे अजून फक्त पाहणं आहे. कोणावर करायचं नाही."

अयूबनं खिशातली जपाची तस्बी काढली. तेहतीस मन्याईची.

"दोन तस्ब्या म्हनजे सहासष्ट. एक मनी कमी हाये, मास्तर."

"कमी नाही. तितकेच आहेत."

"नाई नाई. एक कुठी तरी पडला असन. पाहा तुमी."

सर हसला, पन अयूब हसला नाई. त्या दिवसापासून तो बसल्या बसल्या तस्बी दोन बार फिरवे अन् शेवटल्या मन्यावर बोट ठेवून थांबून जाय. अन् आल्यागेल्याले सांगे, "तुमी याले जळवाईचं मडकं समजता. दिलची दवा हाये यात. नागपूरच्या सरनं सांगतलं."

"दिलची?" बुधरी म्हने. "मंग माह्या म्हाताऱ्याले लाव एखादी. त्याचं दिल टोल्यातल्या साऱ्या बायाईवर गेलं हाये."

दोन वर्सानं, थंडीत, अयूब मशिदीच्या पायरीवर बसला तो उठलाच नाई. जाहिदनं जीप करून चंद्रपूरले नेलं. तिथल्या डॉक्टरनं वाचवलं. आठ दिवसानं सोडताना नाहीदले समोर बसवून समजावलं: रक्तात गाठी होतात, म्हनून रक्त पातळ राह्यलं पायजे. ही गुलाबी गोळी रोज, एकाच टाइमावर. दर महिन्याले रक्त तपासाचं. कुठी कापलं, दात काढाचा असला तं आधी मले इचाराचं. नाहीद चौथीपर्यंत शिकली होती, पन ते तिनं कलम्यासारखं पाठ केलं.

येताना एस्टीत अयूब खिडकीपाशी हसून राह्यला होता.

"काऊन हसता?"

"डॉक्टर बी आमच्याच धंद्यातला निघाला. रक्त पातळ करा म्हनते. त्याची दवा डबीत, माही मडक्यात."

"मंग त्याईले सांगतलं काऊन नाई, मी जळवा लावतो म्हनून?"

"मोठा डॉक्टर हाये तो. हसला असता. अन् त्यानं इचारलं काय? कापाचं असन तं सांगा म्हने. जळू कापते का? जळू पेते."

नाहीदले ते पटलं. पटाचंच होतं. त्या घरात कोनी जळूले कधी घाव म्हनलं नव्हतं.

जाहिदनं सासऱ्यासाठी नवी गादी भरली. वरोऱ्याहून सरकी काढलेला कापूस आनला, स्वतः पिंजला, दुप्पट भरला. "अब्बाच्या पाठीले खाटेची दोरी रुतू नये," म्हने. अशी जाड गादी गावात कोनापाशी नव्हती. अयूब तिच्यावर बसला तं बुडल्यासारखा दिसे.

सरकडून त्यानं गोळीची गोष्ट लपवली. आपल्याले हार्टचं दुखनं झालं हे सरले कळलं तं सर म्हनन, दिलची दवा ज्याच्या घरात त्याचंच दिल बिघडलं. त्याची लाज वाटे त्याले. सर आला की मफलर गुंडाळून ओट्यावर टनटनीत बसे. अन् सर गेला की नाहीदले म्हने, लाव तीन. गोळी एका बाजूनं, जळू दुसऱ्या बाजूनं. चार-सहा बार लावल्या असतीन तशा. घाव रोजच्यापेक्षा जास्त वेळ वाहे, पन थांबे. आखाडात वैनगंगेले पूर आला, रस्ता तुटला, तं दोन महिने रक्त तपासाले जानं झालं नाई. पन गोळी चुकली नाई. गोळी नाहीदनं भरून ठेवली होती.

तर त्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले.

सातपैकी सहा जळवा पेऊन पेऊन अंगठ्याएवढ्या झाल्या अन् आपल्या आपल्या गळून पडल्या. नाहीदनं त्या कांशाच्या वाटग्यात घेतल्या. सातवी सुटून नाई राह्यली होती. फुगून काळी कुळकुळीत झाली, तरी तशीच. ओढाची नाई, हा बी कायदाच. तेवढ्यात दारात पोट्टे आले, नंदी घेऊन, "बोजारा द्या वो, बोजारा द्या!" नाहीद उठली, त्याईच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं, एका पोरीच्या नंदीचं शिंग तुटलं होतं ते पाह्यलं. परत आली तं पाठीवर सातवी नव्हती. गादीवर पाह्यलं, खाटेखाली पाह्यलं. नव्हती.

"असन इथीच," अयूब म्हने. "पेल्यावर ती कुठी जाते? पानी हुडकते."

पाठीवर सात घाव, सातही वाहून राह्यले होते. त्या घरात याले म्हनत, घाव रडून राह्यला. जितका रडन तितकं अंग हलकं. दुसऱ्या कोनाचं घर असतं तं अर्ध्या तासात आरडाओरडा झाला असता, कोनी डॉक्टरकडं धावलं असतं. पन ज्या घरात तीन पिढ्या घाव रडताना पाह्यले, तिथी कोन भेन? नाहीदनं घावावर फडकं ठेवून त्याले उताना निजवलं, मंग ते बदललं. मंग दुसरं. तिसऱ्याले थांबते नेहमी. तिसरं भिजलं, चौथं भिजलं.

"आज लय निघून राह्यलं, अब्बा."

"निघू दे. जुनं हाये सारं." त्याचा आवाज आता मोकळा झाला होता, नरम. "पाटा उतरला, बेटा. एकदम हलकं वाटून राह्यलं. जत्रेत पाळन्यात बसल्यासारखं."

नाहीद खूश झाली. खरंच खूश झाली. तिनं भात टाकला, वरन फोडनीले घातलं. मधात येऊन पाचवं फडकं लावलं. पाचव्यावर लाल रंग बी फिका वाटला तिले, अन् तिले वाटलं, चला, खराब निघून गेलं, आता चांगलं आलं.

दुपारी तो म्हने, "मडक्याजवळ कोन बोलून राह्यलं?"

"कोनी नाई."

"हळू बोलून राह्यले. लय जन हायेत."

नाहीदनं कान देला. बोलनं नाई, पन आवाज येत होता. टप. मंग लय वेळानं, टप. तिले वाटलं मडकं पाझरलं. जाऊन सकाळपासून उघड्याच राह्यलेल्या मडक्याखाली हात फिरवला तं कोरडं. जळवा अजून तशाच वर होत्या, खोलीकडं तोंड करून. एक बी हालत नव्हती.

ऊन ढळाच्या वक्ताले बुधरी आली, पायाले दोन जळवा घेऊन. दारातच थांबली.

"नाहीद, तुह्या घरात मुंग्या कुठी चालल्या वं?"

भिंतीतून काळ्या मुंग्याईची रांग निघाली होती. बोटाएवढी रुंद. ती चुलीकडं नव्हती जात, गुळाकडं नव्हती जात. आतल्या खोलीत खाटेखाली चालली होती. बुधरी वाकली, खाटेखाली हात घातला अन् हात उजेडात आनला.

"हे पानी नोहे, बाई."

नाहीदनं गादीवर हात दाबला. वरून कोरडी लागनारी गादी आत थंड होती, ओली, भिजलेल्या पोत्यासारखी. जाहिदच्या कापसानं सकाळपासून सारं पेऊन घेतलं होतं, वर काहीच दाखवलं नव्हतं. पोट भरलं तवा कुठी खालून टपकाले लागलं.

मंग तं जे व्हाचं ते झालं. जाहिद जीप हुडकाले पयाला, सन होता म्हनून डायवर भेटून नाई राह्यला. नाहीद घावावर हळद दाबे, राख दाबे, चिंध्या दाबे, अन् बोटाच्या फटीतून रक्त येतच राहे, घाई नाई, गडबड नाई, एका चालीनं. अयूबचा चेहरा मेनासारखा झाला होता. त्याले भेव नव्हतं वाटून राह्यलं. तो वाटग्यातल्या जळवाईकडं पाहून राह्यला होता.

"सहाच हायेत," तो म्हने.

"बोलू नका अब्बा."

"सात लावल्या होत्या. एक कमी हाये. पाहा."

हेच शेवटचं. मगरिबच्या अजानीआधी तो गेला. जीप त्याच्या नंतर आली.

मय्यतले आंघोळ घालनाऱ्याईनं सांगतलं ते नाहीदनं पडद्याआडून आयकलं. घाव अजून रडून राह्यले होते. जित्या मानसाचे थांबतात, मेलेल्याचे तं थांबलेच पायजे, पन अंग हलवलं की ओलं येत होतं. घट्ट पट्ट्या बांधल्या, वरून कफन केलं. तरी जनाजा उचलला तवा पांढऱ्या कपड्यावर पाठीच्या जागी बारके डाग उमटले होते म्हनतात. तीन तीन पाकळ्याईचे.

गादी चार मानसाईनं उचलली. मौलवीसाहेब म्हनले, मानसाचं रक्त उकिरड्यावर जाऊ नये, मातीत दाबा. म्हनून घरामागं सीताफळाच्या झाडाखाली खड्डा करून जाहिदनं आपल्या हातानं पिंजलेला तो सारा कापूस आपल्याच हातानं गाडला. तवापासून त्यानं कापूस पिंजाच्या धनुकलीले हात लावला नाई लय दिवस.

बुधरीनं वाटग्यातल्या सहा जळवाईले हळद लावली. हळद लागली की जळू पेलेलं सारं ओकून टाकते. ते रक्त तिनं त्याच खड्ड्यात ओतलं अन् रिकाम्या जळवा बोडीत सोडल्या. मंग नाहीदजवळ येऊन बसली.

"सातवी कुठी हाये?"

"सापडली नाई."

"हुडक. आमच्यात सांगतात, मानसाचं एक थेंब बी वर राह्यलं तं तो जाते कसा? दारातच उभा राह्यते."

"आमच्यात तसं नसते, बुधरीबाई."

"नसन," बुधरी म्हने. "पन हुडक."

नाहीदनं हुडकलं. कपाट सरकवलं, धानाच्या कोठ्या हलवल्या, चुलीची राख चाळली. मडक्याकडं मात्र ती गेली नाई. त्याच्या आत पाहाचीच हिंमत नव्हती. जाहिद म्हने, बोडीत फेकून येतो. ती म्हने, चालीसव्यापर्यंत त्याले कोनी हात लावाचा नाई. मंग तो बिचारा तोंड फिरवून, बांधलेल्या कपड्यावरूनच रोज तांब्याभर पानी ओते.

दहाव्याले प्रफुल्ल सर आला. कोनी तरी निरोप देला असन. ओट्यावर बसला, तिथीच, जिथी मनी मोजले होते. नाहीदनं सारं सांगतलं, सकाळपासून मगरिबपर्यंत. गोळीचं सांगतलं तसा त्याचा हात चहाच्या कपावर थांबला.

"गोळी? कधीपासून?"

"दीड वर्स."

त्यानं कप खाली ठेवला. मंग खाली पाहून म्हनला, "ताई, गोळी अन् जळू, दोघांचं काम एकच. रक्ताची गाठ होऊ द्यायची नाही. एकानं दार उघडलं, दुसऱ्यानं ते उघडं धरून ठेवलं. बंद करायला कोणी राहिलंच नाही."

"म्हनजे माह्या हातानंच झालं."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुमी बी नाई सांगतलं."

"मला गोळीचं माहीत नव्हतं."

"अन् डॉक्टरले मडक्याचं माहीत नव्हतं," नाहीद म्हने. "दोन्ही फक्त मलेच माहीत होतं."

सर चहा न पेताच गेला. बाटल्याईचा डबा त्या दिवशी त्यानं उघडला नाई.

त्याच्या नंतरचे दिवस वंगाळ होते. सकाळी उठलं की मडक्यावरचा कपडा आतून फुगल्यासारखा दिसे, एका अंगाले. आतल्या खोलीकडच्या अंगाले. खाट बाहेर काढली होती, खोली रिकामी होती, तरी दुपारच्याले टप असा आवाज ये. नाहीदले वाटे आपल्यालेच येते. एक दिवस जेवता जेवता जाहिदनं घास थांबवला अन् तिच्याकडं पाह्यलं. मागं सीताफळाखालची माती भादव्याच्या उन्हात बी ओलसर राहे. बाजूची सारी भेगाळली, तेवढा तुकडा ओला. नाहीद नमाज पढे अन् दुव्यात फक्त एकच मागे, माह्या बापाले जाऊ दे. माह्या हाताचं काय कराचं ते कर, पन त्याले जाऊ दे.

चालीसवा आला. घरात मानसं आले, मागच्या अंगाले चुली पेटल्या. धान लोंबीले आले होते, बांधीकडून तो वास येऊन राह्यला होता. गोश्ताचा मसाला नाहीदनंच कालवला, हात मनगटापर्यंत हळदीनं पिवळे. बुधरी दारात बसली होती. फातिया झाला की मडकं घेऊन ती बोडीवर जानार, असं ठरलं होतं.

"खोलून तं दे," बुधरी म्हने. "किती जित्या हायेत ते पाहू दे मले."

नाहीद कोपऱ्यात गेली. चाळीस दिवसानं पहिल्यांदा. गाठ सोडली. जळवा साऱ्या खाली, तळाले, वाळलेल्या पानासारख्या बारीक झालेल्या. उपाशी. फक्त एक वर होती, गळ्याले चिपकलेली. जाड. अंगठ्याएवढी.

तिनं तिले काढाले बोट पुढं केलं. हातची हळद तिच्या ध्यानातच नव्हती.

बोट लागल्याबरोबर जळू आकसली, पाठीतून वळली अन् तिच्या तोंडातून पान्यात एक धागा निघाला. लाल. काळपट लाल, पन पातळ, गाठ नाई, गुठळी नाई. कालचं असावं तसं. चाळीस दिवस मातीखाली असलेल्या मानसाचं रक्त मडक्याच्या पान्यात हळूहळू पसरून राह्यलं होतं, अन् नाहीद पाहून राह्यली होती.

"काय झालं वं?" बुधरी दारातून बोलली. मंग उठून आली, तिनं बी मडक्यात पाह्यलं, अन् डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

नाहीदनं दुसऱ्या भांड्यात चांगलं पानी घेतलं, साऱ्या जळवा त्यात काढल्या. मडकं उचललं. मागच्या दारानं, चुलीवरच्या बायाईच्या मधातून, ती सीताफळापाशी गेली अन् ते लाल पानी त्या ओल्या तुकड्यावर ओतलं, सारं, शेवटच्या थेंबापर्यंत. मातीनं ते लगेच पेऊन घेतलं. तिनं मडकं उलटं करून खाली ठेवलं.

मंग राखेनं हात घासले. एकदा, दोनदा, पिवळं जाईपर्यंत. घरात आली. रिकामी झालेली सातवी जळू भांड्यात बाकीच्याईसारखी बारीक होऊन फिरून राह्यली होती, काठाकाठानं, काही हुडकत असल्यासारखी.

बाहेरून जाहिदचा आवाज आला, "नाहीद, लोकं बसले, वाढाचं हाये!"

"आले," ती म्हने.

तिनं बुधरीकडं पाह्यलं. बुधरीनं मान हलवली, हो का नाई ते कळलं नाई. नाहीदनं बाही वर केली, मनगट पुढं केलं.

"मी आपल्या हातानं लावत नाई," ती बुधरीले म्हने. "तू ठेव."